जळण कोणतेही असो, धूर छातीत नको

सातारा-सांगलीकडे आपण इंधनाला जळण म्हणतो. माण, खटाव, जत, आटपाडीच्या वस्त्यांत वेडी बाभूळ आणि तुराट्या, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाचट आणि चिपाड, आणि शेणी तर सगळीकडेच. जोडीला आता गॅसची टाकी आली आहे. या जळणातून उष्णता कशी मिळते आणि तिचा आपल्या तब्येतीशी काय संबंध आहे, ते या वेळी समजून घेऊ.

लाकडातली ऊर्जा मुळात सूर्याची असते. झाडाचे पान उन्हाच्या बळावर हवा आणि पाणी यांपासून अन्न बनवते आणि ती ऊर्जा लाकडात साठते. गाय-म्हैस कडबा खाते, त्यातले न पचलेले शेणात उतरते, म्हणून शेणी जळते. दगडी कोळसा, रॉकेल आणि गॅस यांतही कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जीवांनी साठवलेले ऊनच आहे. जळताना या पदार्थांतला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि उष्णता बाहेर पडते. ऑक्सिजन पुरेसा मिळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. तो कमी पडला की धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तथागतांनी जळणाचेच उदाहरण देऊन जातीचा गर्व खोडला आहे. उच्च कुळातल्या माणसाने चंदनाने पेटवलेला अग्नी आणि चांडाळाने एरंडाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी, दोन्हींना ज्वाला आणि तेज सारखेच असते, दोन्हींनी अग्नीचे काम होते, हे त्यांनी अस्सलायनाकडूनच कबूल करून घेतले. जळण्याची रीत सगळीकडे एकच आहे. पण धुराचे जळण कोणाच्या वाट्याला येते, हे मात्र आजही गरिबी ठरवते.

आता हिशेब पाहू. एक किलो वाळल्या लाकडातून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. साध्या चुलीवर त्यातली १० ते १५ टक्केच भांड्याला लागते, बाकीची इकडेतिकडे जाते. एक किलो गॅसमधून सुमारे ११,००० किलोकॅलरी निघतात आणि ६० टक्क्यांच्या वर भांड्याला मिळतात. म्हणजे १४.२ किलोची एक टाकी दीडशे किलोहून अधिक लाकडाचे काम करते. तेवढी मोळी डोक्यावरून आणायला किती दिवस आणि किती पायपीट लागते, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको. लाकूड ओले असेल तर बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच जाते, आच मंदावते आणि धूर वाढतो.

या धुरातले बारीक कण छातीत खोलवर जातात. चुलीपाशी वर्षानुवर्षे बसणाऱ्या बाईला जुनाट खोकला, दम आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. कडेवरच्या लेकराला न्यूमोनियाचा, तर पोटातल्या बाळाला वजन कमी भरण्याचा धोका असतो.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून घरातल्या बाईच्या नावे गॅसजोडणी मिळते. पण टाकी पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून अनेक घरांत ती चहापुरती आणि पाहुण्यांपुरती राखून ठेवतात. हातात पैसा कमी असेल तर आम्ही असे सुचवतो:

- घरात शिजवायचे ते गॅसवर, अंघोळीचे पाणी बाहेरच्या चुलीवर. डाळ-कडधान्य भिजवून, झाकण ठेवून शिजवा.
- चूल घरातच असेल तर धुराडे बसवा, खिडकी उघडी ठेवा. लहान मुले आणि गरोदर बाई यांना चुलीपासून लांब ठेवा.
- जळण पावसाआधी वाळवून झाकून ठेवा. जाड ओंडका फोडून घ्या, हवा लागली की तो नीट जळतो.
- प्लॅस्टिक, टायर, रंग दिलेले लाकूड चुलीत घालू नका. पेटत्या चुलीत रॉकेल ओतू नका.
- थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.
- गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी होऊन भांडे काळे पडत असेल तर बर्नर साफ करा.
- गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर "धुराचाच असेल" म्हणून अंगावर काढू नका. क्षयरोगही असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. आणि पुढच्या वेळी घरखर्चाचा हिशेब मांडाल तेव्हा टाकीचे पैसे आईच्या औषधाच्या ओळीशेजारीच लिहा.

जय भीम!