उद्याच्या गोष्टी आणि आपली नातवंडे

मुले वाचीत नाहीत, ही तक्रार आपल्या समाजात नवी नाही. लोद असो की रामला, अश्दोद असो की दिमोना, चार वडीलधारी माणसे एकत्र बसली की बोलणे फिरून फिरून नातवंडांवर येते. नातू फोनच्या पडद्यावर तासन् तास चित्रांच्या गोष्टी पाहत बसतो. त्या गोष्टींत यंत्रमानव असतात, परग्रहावरचे जीव असतात. आणि तसलाच एखादा चित्रपट पाहून आला की मित्रांशी मध्यरात्रीपर्यंत वाद घालतो. हा सारा वेळ पाण्यात गेला, असे बहुतेकांचे मत पडते. ह्या मताचा आदर राखूनही आम्हांस असे वाटते की, निकाल देण्यापूर्वी पुरावा तपासून पाहावा. विज्ञानकथा, चित्रकथा आणि त्यांवर तावातावाने बोलणारे रसिक ह्या तिघांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. आणि त्या इतिहासात परदेशी जाऊन स्थायिक झालेल्या यहुदी घरांतील मुलांचा वाटा मोठा आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक हा १८८४ साली लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला यहुदी तरुण १९०४ साली अमेरिकेस गेला. विजेच्या उपकरणांचा धंदा करता करता तो संपादक झाला आणि एप्रिल १९२६ मध्ये त्याने केवळ विज्ञानकथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. पुढे तो वाचकांची पत्रे छापू लागला, तीही त्यांच्या नावागावासह आणि पुऱ्या पत्त्यासह. गोष्ट लहान, परंतु परिणाम मोठा झाला. दूरदूरच्या गावी एकेकटे बसून वाचणाऱ्या मुलांना आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे प्रथमच कळले. त्यांनी एकमेकांस थेट पत्रे लिहिली, मंडळे स्थापिली, चक्रमुद्रित पत्रिका काढल्या. ह्याच खटपटीतून जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथेच्या रसिकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. आज मुले करतात त्या चर्चेचे मूळ हे असे टपालाच्या पेटीत आहे.

ह्या मुलांपैकी एकाची कथा प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. आयझॅक ॲसिमॉव्ह ह्यास त्याच्या आईबापांनी १९२३ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी, रशियातून अमेरिकेत आणले. ब्रुकलिनमध्ये वडिलांचे मिठाई-गोळ्यांचे दुकान होते व तेथे मासिकेही विक्रीस असत. भडक चित्रांची ती मासिके मुलाने वाचू नयेत, असा वडिलांचा सक्त हुकूम. पण १९२९ साली गर्न्सबॅकने 'सायन्स वंडर स्टोरीज' हे नवे मासिक काढले. मुलाने नावातील 'सायन्स' हा शब्द वडिलांपुढे धरला, आणि विज्ञान म्हणजे अभ्यासच की, अशा समजुतीने वडिलांनी परवानगी दिली. पुढे तो मुलगा जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, त्याच्या नावावर शेकडो पुस्तके लागली, आणि यंत्रमानवांनी पाळावयाच्या त्याच्या तीन नियमांची चर्चा आजही चालू आहे. वडिलांची ती परवानगी फार महाग पडली, असे कोण म्हणेल?

दुसरी कथा अशी गोड नाही. क्लीव्हलँडमध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर हे शाळासोबती, दोघेही पूर्व युरोपातून आणि हॉलंडातून आलेल्या यहुदी घरांतले. दोघेही विज्ञानकथेचे वेडे. त्यांनी स्वतःची चक्रमुद्रित पत्रिका काढली, आणि तिच्या १९३३ च्या एका अंकात 'सुपरमॅन' हे नाव प्रथम आले. तेव्हा तो खलनायक होता. नायक पुढे झाला. मरणपंथास लागलेल्या ग्रहावरून आईबापांनी पाठविलेले मूल परक्या मुलखात वाढते, तेथील भाषा बोलते, तेथील नाव घेते, आणि आपले मूळ मनात जपते. अशी गोष्ट सुचावयास स्थलांतरिताचेच घर लागते. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात ती प्रसिद्ध झाली. हा अंकही अनेक चित्रकथांचा संग्रहच होता; त्यात सुपरमॅनच्या वाट्यास अवघी १३ पाने आली होती.

ह्या १३ पानांबरोबर दोघा तरुणांनी त्या पात्रावरील सर्व हक्क १३० डॉलरांस लिहून दिले. पुढील काळात त्या पात्रावर इतरांनी अपार संपत्ती मिळविली. हे दोघे मात्र न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. त्यांच्या हलाखीचा १९७५ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, चित्रकारांनी आणि रसिकांनी आवाज उठविला, तेव्हा कोठे कंपनीने त्यांस वार्षिक वेतन बांधून दिले व निर्माते म्हणून त्यांची नावे छापण्याचे मान्य केले. १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात ती नावे झळकली. रसिकांची बडबड निरर्थक असते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चित्रपट आणि चित्रकथासंग्रह ह्यांची देवाणघेवाण युरोपातही झाली. पॅरिस येथे १९७४-७५ च्या सुमारास निघालेल्या 'मेताल युर्लां' ह्या नियतकालिकात डॅन ओबॅनन ह्याने लिहिलेली आणि मोबियस ह्याने रेखाटलेली 'द लाँग टुमॉरो' ही कथा आली; तिच्यातील उंच, दाटीवाटीच्या शहराची छाया १९८२ च्या 'ब्लेड रनर' ह्या चित्रपटावर पडली. इंग्लंडात विज्ञानपटांची लाट येऊ घातल्याचे वर्तमानपत्रात वाचून केल्व्हिन गॉस्नेल ह्या तरुण उपसंपादकाने विज्ञान-चित्रकथांचे साप्ताहिक काढण्याची सूचना केली. फेब्रुवारी १९७७ मध्ये '२००० एडी' सुरू झाले, आणि दुसऱ्याच अंकात आलेला जज ड्रेड पुढे १९९५ व २०१२ साली स्वतःच चित्रपटाचा नायक झाला.

आता ही मंडळी चर्चा तरी कसली करतात? 'ब्लेड रनर'चेच उदाहरण घेऊ. त्यात मानवनिर्मित माणसे आहेत. आपल्याला बालपण होते, हे सिद्ध करण्यासाठी ती जुनी छायाचित्रे उराशी बाळगतात. एका तरुणीस तर आपल्या आठवणी दुसऱ्या कोणाच्या आहेत, हे कळते. माणसाचे माणूसपण त्याच्या आठवणींत आहे काय, आणि त्या उसन्या निघाल्या तर काय उरते, ह्यावर रसिक गेली चाळीस वर्षे भांडत आहेत. चित्रपटाच्या १९८२, १९९२ व २००७ च्या आवृत्त्या शेजारी ठेवून, कोणत्या दृश्याने अर्थ कसा पालटला, ह्याची ते छाननी करतात. हे काम विद्वान पोथ्यांच्या पाठभेदांवर करतात, त्याहून जातीने वेगळे नाही. आणि ज्यांच्या ट्रंकेच्या तळाशी कोकणातल्या घराचे किंवा मुंबईच्या इस्राएल मोहल्ल्यातले एखादे पिवळे पडलेले छायाचित्र आहे, त्यांना तो प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

'अरायव्हल' हा २०१६ चा चित्रपट आपल्याला त्याहूनही जवळचा आहे. टेड चियांग ह्यांच्या १९९८ च्या कथेवरून तो घेतला आहे. परग्रहावरून आलेल्यांची भाषा शिकण्यासाठी एका भाषाशास्त्रज्ञ बाईंना पाचारण होते. त्या ती शिकू लागतात, आणि भाषेबरोबर त्यांची काळाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. आपल्यापैकी ज्यांनी उलपानच्या बाकावर बसून मोठेपणी हिब्रू गिरविली, त्यांना नवी भाषा मनाची घडी कशी बदलते हे अनुभवाने ठाऊक आहे. जुनी भाषा सुटली म्हणजे काय काय सुटते, हेही ठाऊक आहे. असा चित्रपट पाहून नातू वाद घालीत असेल, तर त्या वादात आजीला बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

आता पडद्यावरच्या चित्रकथांविषयी. २००७ साली अमेरिकेत 'कॉमिक्सॉलॉजी' नावाची संस्था निघाली आणि चित्रकथा संगणकावर व फोनवर विकू लागली. तिच्या पद्धतीत एकेक चौकट मोठी होऊन डोळ्यांपुढे येते. अधू दृष्टीच्या वाचकास ही मोठीच सोय. मात्र त्यात पानाची एकत्रित मांडणी हरवते. स्कॉट मॅक्लाउड ह्यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, चित्रकथेचे मर्म दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत असते. तेथे काय घडले, ते वाचकाचे मन भरून काढते. म्हणून मुलाने अधूनमधून पूर्ण पानही पाहावे, हे आमचे सांगणे.

२०१२ साली डेव्हिड लॉइड ह्यांनी 'एसेस वीकली' हा केवळ पडद्यावर वाचावयाचा साप्ताहिक संग्रह सुरू केला. हेच लॉइड १९८२ पासून 'वॉरियर' ह्या मासिकात 'व्ही फॉर व्हेंडेटा' रेखाटीत होते. भावी काळातील जुलमी राजवटीच्या त्या कथेवर पुढे चित्रपट निघाला. छापखाना, कागद, अडते, दुकानदार हे सारे मधून काढावे आणि वाचकाचा पैसा चित्रकाराच्या हाती पडावा, हा 'एसेस वीकली'चा हेतू. १३० डॉलरांची गोष्ट ज्याने वाचली आहे, त्याला ह्या हेतूचे मोल कळेल.

तथापि एका धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. पडद्यावरचे पुस्तक विकत घेतले, असे आपण म्हणतो; वस्तुतः बहुधा आपण वाचण्याची परवानगी घेतलेली असते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण पुस्तक घरातून गेले. आणि त्यांपैकी एक '१९८४' हेच होते. कॉमिक्सॉलॉजी २०१४ साली ॲमेझॉनने विकत घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र ॲप बंद करून ते किंडलमध्ये विलीन केले. तात्पर्य, जे जपून ठेवावेसे वाटते, त्याची स्वतःच्या ताब्यात राहणारी प्रत घ्यावी. ज्या समाजाने दर्या ओलांडताना सामानात पुस्तके बांधून आणली, त्याला हे अधिक सांगणे न लगे.

चित्र आणि अक्षर एका पानावर नांदणे आपल्याला परके नाही. १८७४ साली पुण्यास छापलेल्या सचित्र मराठी हगादामध्ये साड्या नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दाखविल्या आहेत. आमच्या पिढीने १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि फ्लॅश गॉर्डन मराठीत वाचले. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप, आणि त्या नावामागे होते जयंत विष्णु नारळीकर. येथे इस्राएलातही 'फँटाझिया २०००' हे हिब्रू मासिक १९७८ ते १९८४ पर्यंत चालले. १९७८ सालीच उरी फिंक ह्या शाळकरी मुलाने 'साब्रामॅन' निर्माण केला. १९९८ पासून सुक्कोथच्या सुटीत तेल अवीव येथे 'आयकॉन' नावाचा विज्ञानकथेचा महोत्सव भरू लागला. आणि २००७ साली होलोन येथे व्यंगचित्रांचे व चित्रकथांचे संग्रहालय उघडले. म्हणजे नातू ज्या वाटेने चालला आहे, त्या वाटेवर आपलीही पावले आहेत.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना प्रशिक्षणात पहिलेच सूत्र शिकवितात, ते म्हणजे ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. नातवाला ज्ञात आहे तो यंत्रमानव आणि अज्ञात आहे ती आजीची मराठी. तेव्हा आरंभ यंत्रमानवापासून करावा. त्याच्या फोनवरील एक चित्रकथा त्याला मराठीत सांगावयास लावावे. शब्द अडला की आपण पुरवावा. 'हा असे का वागला?' 'तू त्याच्या जागी असतास तर?' असे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकून घ्यावे; लगेच चूक काढू नये. कीर्तन ऐकून आल्यावर आपली वडील मंडळी ओटीवर बसून आख्यानाची चिकित्सा करीत, ती हीच रीत. पुढे त्याच्याकडून एक लहानसा संग्रह करवून घ्यावा. पाच-सहा घरांतील मुलांनी आपापल्या आजी-आजोबांच्या येथे येण्याची हकिकत आठ-आठ चौकटींत रेखाटावी, खाली एक ओळ हिब्रूत आणि एक मराठीत लिहावी. कागदाची एक प्रत घरी ठेवावी, एक ह्या पत्रिकेकडे धाडावी.

मरणपंथास लागलेल्या ग्रहावरून आलेल्या त्या मुलाच्या पाळण्यात त्याच्या आईबापांनी काय ठेवावे, ह्यावर रसिकांच्या चर्चा पुष्कळ झाल्या आहेत. आपल्या घरी तो प्रश्न अजून सुटावयाचा आहे, आणि उत्तर देणारी माणसे वयाने थकत चालली आहेत. म्हणून विलंब न करता येत्या शब्बाथला दुपारची झोप झाली की नातवाला जवळ बोलवावे आणि त्याच्या गोष्टीतला यंत्रमानव पुढे काय करतो, ते विचारावे.