शेवटच्या मिनिटाचा दम

गेल्या वर्षी माझी धाकटी ज्यूदोच्या स्पर्धेत हरली. हरल्याचं एवढं वाईट वाटलं नाही, पण हरण्याची तऱ्हा मनाला लागली. तिच्या गटाची लढत तीन मिनिटांची. दोन मिनिटं ती पुढे होती. मग खांदे उतरले, तोंड उघडं पडलं आणि समोरच्या मुलीनं तिला सहज लोळवलं. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "आई, डाव येत होता गं, पण दमच उरला नाही."

तिचे सर म्हणाले, "बाई, डाव चांगले आहेत, दम कमी पडतो. दोरीवरच्या उड्या मारायला लावा."

मला हसूच आलं. दोरी म्हणजे परकऱ्या पोरींचा खेळ, अशीच आपली समजूत. पण बॉक्सिंगचा सराव दोरीवाचून होत नाही. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि आपल्या मेरी कोमनं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा ती जुळ्यांची आई होती! तिथल्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या. ज्यूदोत मोठ्या गटाची लढत चार मिनिटांची असते. बरोबरी झाली तर पुढे निकाल लागेपर्यंत खेळायचं, त्याला वेळेची मर्यादाच नाही. म्हणजे शेवटी डावाइतकाच दमही कामी येतो.

घरी पहिली हरकत सासूबाईंची. "मुलगी वयात आली, आता उड्या कसल्या?" मी म्हटलं, "आई, मंगळागौरीला तुम्ही रात्रभर फुगड्या नि पिंगा घालत होतात, ते काय होतं?" त्या हसल्या नि गप्प झाल्या. पाळीत उड्या मारल्यानं काही बिघडत नाही, हेही त्यांना सांगितलं. त्रास होत असेल तेवढे दिवस विश्रांती घ्यावी, इतकंच.

दुसरी हरकत खालच्या बिऱ्हाडाची. त्यांच्या डोक्यावर धबधब आवाज! म्हणून आम्ही अंगणात गेलो. ते बरंच झालं. फरशीपेक्षा सारवलेली किंवा मातीची जमीन पायांना मऊ. ती नसेल तर जाड रबरी चटई आणि पायात बूट हवेतच.

दोरी मापाची हवी. मधोमध एक पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली की मुठी काखेपर्यंत याव्यात. कोपरं कमरेजवळ ठेवायची आणि दोरी मनगटानं फिरवायची, आख्ख्या हातानं नाही. उडी दोरी जाईल एवढीच, जेमतेम इंचभर. चवड्यांवर उतरायचं, गुडघे किंचित वाकलेले. उतरताना आवाज झाला तर समजावं, उडी उंच होते आहे.

आमची खरी चूक निराळीच होती. लेक रोज "आज दोनशे झाल्या, आज तीनशे" असं मोजायची. सर म्हणाले, "आकडा नको, घड्याळ लावा." लढत मिनिटांत मोजतात, तसाच सरावही मिनिटांत हवा. पहिल्या आठवड्यात वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद विश्रांती, असं सहा वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट विश्रांती. महिन्यानं एक मिनिट उड्या नि अर्धा मिनिट विसावा. पुढे हळूहळू तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट थांबून, आणि प्रत्येक फेरीचे शेवटचे वीस सेकंद जोरात. कारण लढत तिथेच हातची जाते. हे सगळं एक दिवसाआड, कारण पायांनाही सुट्टी लागते.

पोटऱ्या दोन दिवस धरल्या तर घाबरू नये. पण नडगीवर एकाच जागी बोट लावताच दुखलं किंवा टाचेमागची शीर ठणकली तर दोरी बंद, डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर तर लगेच. आणि मुलगी उगाचच दमत असेल तर आधी रक्त तपासून घ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. तिथे नुसती दोरी काय करणार?

आता माझी गोष्ट, जी लिहू की नको असं झालं होतं. लेकीबरोबर मीही दोरी घेतली. दोन बाळंतपणं झालेली मी, दहाव्या उडीला लघवीचे थेंब गळले. लाजेनं दोरी खुंटीला टांगली, आठवडाभर कुणाशी बोलले नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पुष्कळजणींना होतं. पण बाईच्या जातीला असंच असतं, म्हणून सोसायचं नाही." लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळून धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे, श्वास न रोखता. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेमानं केलं, मग पुन्हा दोरी. आता गळत नाही. बाळंतिणीनं मात्र निदान तीन महिने उड्या मारू नयेत आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच. अंग बाहेर येत असेल, गुडघे किंवा रक्तदाब यांची तक्रार असेल, पोटात बाळ असेल, तरीही आधी विचारावं.

दोरीनं पकड येत नाही की डाव येत नाही, ते आखाड्यातच शिकावं लागतं. दोरी फक्त ते डाव शेवटपर्यंत सोबत ठेवते. यंदाच्या स्पर्धेत लेक पहिली लढत जिंकली, दुसरी हरली. पण हरली तेव्हा घंटा होईपर्यंत उभी होती. रिक्षात बसताच म्हणाली, "आई, ती माझ्याहून चांगली खेळली." या खेपेला दमाचं नावही निघालं नाही.

आणि मी? बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढते, मध्ये न थांबता. मैत्रिणींनो, मुलीसाठी दोरी आणाल तेव्हा एक आपल्या मापाचीही आणा.