गाडी थांबवायला सांगा

शाळांना उन्हाळी सुट्टी लागली, की पुण्या-मुंबईच्या वस्त्यांतून मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या भरायला लागतात. कुणी एसटीने जाते, कुणी ट्रॅव्हल्सने, आणि माणसे जास्त असली की दोन-तीन घरे मिळून क्रूझर ठरवतात. मागच्या मे महिन्यात आम्हीही तसेच निघालो. जायचे होते लातूर जिल्ह्यातल्या जळकोटला. तिथे थोरली बहीण आहे, चुलत भाऊ आहेत, शिवाय एकेकाळी आमच्याच गल्लीत राहिलेली आणि आता गावी परतलेली दोन कुटुंबे. जाता जाता उदगीरचे विश्वशांती बुद्ध विहार पाहायचे, असेही ठरले होते. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून आत्याच्या डोक्यात ते बसले होते.

पुणे ते जळकोट हा चारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, मुरूड, लातूर, मग उदगीर. पहाटे निघालो तरी दुपारचे ऊन बार्शीच्या पुढे गाठतेच. गाडीला एसी नव्हता. मोठी माणसे अकरा, पोरे चार.

आत्याला दहा वर्षांपासून साखर आहे, आणि बीपीही. पहाटे तिने दोन्ही गोळ्या घेतल्या, कारण गोळी चुकवायची नाही हे तिला पक्के माहीत. पण खाल्ले काय, तर चहात बुडवून दोन बिस्किटे. पोटभर खाल्ले की गाडी लागते, असा तिचा अनुभव. आणि पाणी? पाण्याची बाटली तिने पायाशी ठेवली आणि दिवसभर तिचे झाकण उघडले नाही. का, ते सगळ्या बायांना ठाऊक होते आणि एकाही पुरुषाला नव्हते. इंदापूरजवळ एका पंपावर आम्ही थांबलो. तिथल्या शौचालयाला कुलूप, चावी मॅनेजरकडे आणि मॅनेजर जागेवर नाही. पुरुष रस्त्यापलीकडे जाऊन आले, बाया तशाच गाडीत बसल्या. तिथून पुढे एकीनेही पाण्याचा घोट घेतला नाही. "उगं गाडी थांबवू नका, सगळ्यांची खोटी होती," असे आत्या दोनदा म्हणाली. आम्हाला ते समजूतदारपणाचे वाटले.

बार्शी सोडल्यावर ती गप्प झाली. झोप लागली असेल म्हणून कुणी उठवले नाही. मुरूडच्या अलीकडे शेजारी बसलेल्या सुनेच्या हाताला तिचा हात लागला, तो गार आणि घामाने चिंब. हाक मारली तर भलतेच बोलू लागली. सुनेने वस्तीतल्या आरोग्य शिबिरात ऐकलेले तिला आठवले. पर्समधली चहाची साखर काढली, चार चमचे पाण्यात विरघळवली आणि थोडी थोडी पाजली. गिळता येत होते म्हणून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत आत्याने सुनेला नावाने ओळखले. मग तिला तसेच जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. साखर पाजल्यानंतरही मशीनवर आकडा ५८ आला. ७० च्या खाली साखर म्हणजे धोका. वर अंगातले पाणी कमी झालेले. संध्याकाळपर्यंत सलाईन लावून ठेवले. उदगीरच्या विहारापाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता, बाहेरूनच वंदन करून पुढे निघालो.

डॉक्टरीण बाईंनी जे समजावले ते इथे देतो, कारण आमच्यातल्या निम्म्यांना ते माहीत नव्हते. साखरेच्या सगळ्याच गोळ्यांनी साखर एकदम घसरत नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर औषध पोटात आणि पोट रिकामे, हा जीवघेणा खेळ आहे. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची चिन्हे. माणूस शुद्धीत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यातून द्यावा, पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा द्यावा, आणि बरे वाटल्यावर भाकरी-पोळी खायला घालावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा. आणि साखर वर आली म्हणून दवाखाना टाळू नये. या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, काही तासांनी साखर पुन्हा खाली येऊ शकते.

हे झाले गोळीचे. पाण्याची गोष्ट मात्र आम्हाला जास्त लागली.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत अगदी पहिलाच प्रसंग सांगितला आहे तो सुट्टीतल्या प्रवासाचा. साल १९०१. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, आणि त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायला बोलावले. छोटे भीमराव, त्यांचे भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी आलेले नाही. मुले येत असल्याचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. बरोबर डबा भरपूर होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. वाटेत डबक्यातले पाणी दिसले, ते जनावरांच्या शेणामुताने घाण झालेले. मध्यरात्री टोलनाक्यावर मागितले, तिथेही मिळाले नाही. पाण्यावाचून घास उतरेना आणि मुले उपाशी निजली. पुढे १९३४ साली वेरूळला जाताना आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर, हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्याबद्दल बाबासाहेबांना आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांना जमावाने घेरले होते.

त्या मुलांना पाणी दुसऱ्यांनी नाकारले. आमच्या गाडीत सहा लिटर पाणी होते, आणि बाया तहानलेल्या बसल्या होत्या, कारण ते पाणी पुढे कुठे सोडायचे याचा विचार गाडी ठरवणाऱ्यांपैकी कुणी केला नव्हता. गाडी ठरवणारे आम्ही पुरुषच होतो.

दिवसभर लघवी दाबून ठेवणे आणि पाणी तोडणे यातून लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग बळावतो. गावाला पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आग होते, सारखे जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. पुष्कळ बाया हे "ऊन लागलं" म्हणून सोडून देतात. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असू शकतात. त्यावर जिरे-धण्याचे पाणी पुरत नाही, दवाखानाच लागतो. गरोदर बाईने तर नुसती आग झाली तरी दाखवावे. अंगावर काढले तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. पाळी चालू असेल तर कापड किंवा पॅड चार-सहा तासांनी बदलायला जागा हवी, ही गोष्टही गाडी ठरवताना कुणी बोलत नाही.

मग करायचे काय? घोट घोट पाणी दिवसभर. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजा, गडद असेल तर कमी पडते आहे. (ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी ते माप मोडू नये, पण प्रवासाआधी एकदा विचारून घ्यावे.) बीपीच्या गोळ्यांत काहींना लघवी जास्त करणारी गोळी असते. प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप टाळणारी बरीच ज्येष्ठ माणसे आम्हाला माहीत आहेत. टाळू नका. त्या दिवसापुरती पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि थांबे निघण्याआधी ठरवा. इंदापूर, बार्शी, लातूर, उदगीर या चारही ठिकाणी एसटी स्टँड आहे, तिथे शौचालय असते. स्वच्छता कशी असेल ते सांगायला नको, पण दार असते आणि आडोसा असतो. पेट्रोल पंपावर ग्राहकाला पिण्याचे पाणी आणि शौचालय मोफत मिळायला हवे असा नियम आहे, तेव्हा डिझेल भरण्याआधी विचारा, "शौचालय उघडं आहे का?" नसेल तर पुढचा पंप. साबणाची वडी आणि एक रिकामी पाण्याची बाटली वेगळी ठेवा. दोन-अडीच तासांनी उतरून चार पावले चालले की पायांची सूजही कमी राहते, आणि ड्रायव्हरचे डोळेही उघडे राहतात. रात्रपाळी करून आलेल्या पोरालाच "तूच घे गाडी" म्हणणारी घरे आहेत. तसे करू नका.

पोरांचे थोडक्यात. गाडी लागणाऱ्याला खिडकीशी, समोर बघता येईल असे बसवा, मोबाईल हातात देऊ नका. उलटीच्या गोळीने झोप येते, म्हणून ती ड्रायव्हरने घेऊ नये आणि लहानग्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. उलट्या-जुलाब लागले तर ओआरएसची पुडी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजे टाकू नका.

जळकोटला पोचल्यावर दुसरीच अडचण. आपल्या माणसांत घरोघर भेटायला जायचे म्हणजे घरोघर चहा, आणि नाही म्हटले तर "आता शहरातली झालीस" हे ऐकायचे. पहिल्या दिवशी आत्याने पाच घरी पाच गोड चहा घेतले आणि दुपारचे जेवण चार वाजता. गोळी कधी घ्यायची, हेच कळेना. एका घरी तर "माझी गोळी घे, चांगली लागू पडते" म्हणून पाकीटही पुढे आले. ती बीपीची निघाली. शेवटी बहिणीने वाट काढली. तिने सकाळीच सगळ्या घरी निरोप धाडला, की आत्याला चहा नको, ताक द्या, आणि एक वाजता ती जिथे असेल तिथेच जेवेल. कुणाला राग आला नाही. उलट दोन घरांतून म्हातारी माणसे स्वतःची साखर कधी तपासली होती ते सांगायला लागली. त्यातल्या एकांनी तर कधीच तपासली नव्हती. बहीण त्यांना दुसऱ्या दिवशी रुग्णालयात घेऊन गेली.

परतीच्या दिवशी आत्याला ड्रायव्हरशेजारी पुढे बसवले. मांडीवर भाकरी-पिठल्याचा डबा, हातात बाटली, पर्समध्ये साखरेची पुडी. या वेळी उदगीरला दिवसाउजेडी थांबलो आणि विहार आतून पाहिले. लातूर सोडून तासभर झाला नसेल, तोच ती म्हणाली, "थांबव रे लेकरा, मला जायचंय." मागून तीन बाया म्हणाल्या, "आम्हालाबी."