माती उचला, माती टाका!

"सिव्हिलवाल्यांना चार वर्षं काय शिकवतात? खड्डा खणायला आणि बुजवायला!" हा विनोद होस्टेलच्या मेसमध्ये दर वर्षी नव्या बॅचला नव्याने ऐकवला जातो. मित्रांनो, विनोदात तथ्य आहे. कारखाना घ्या, रस्ता घ्या नाहीतर विमानतळ घ्या, पहिले कित्येक महिने तिथे खणणं आणि बुजवणं एवढंच चालतं. फक्त ते लांबून दिसतं तितकं सोपं नसतं. मागच्या उन्हाळी सुटीत एका औद्योगिक प्लॉटच्या सपाटीकरणाच्या साइटवर मी सहा आठवडे ट्रेनिंग केलं. तिथे जे पाहिलं, ते इतर ब्रँचच्या मित्रांनाही कळेल अशा भाषेत मांडतो.

आधी लेव्हल, मग मशीन

साइट म्हटलं की डोळ्यांसमोर पिवळं मशीन येतं. पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेल्या मशीनला आपण जेसीबी म्हणतो, आणि साखळीवर चालणाऱ्या, जागच्या जागी गोल फिरणाऱ्या मशीनला पोकलेन. खरं तर ही दोन्ही कंपन्यांची नावं. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाची आद्याक्षरं, आणि पोकलेन ही मूळची फ्रेंच कंपनी. आपल्याकडे नावंच यंत्रं होऊन बसली!

पण या मशीनच्या आधी साइटवर सर्व्हेवाले येतात. प्लॉटवर ठरावीक अंतराने चौकोन आखून प्रत्येक कोपऱ्याची मूळ लेव्हल घेतात. एकदा खोदाई सुरू झाली की ही मूळ जमीन पुन्हा कोणालाही दिसणार नसते. किती खणलं, किती भरलं, बिल किती, सगळे हिशेब या आकड्यांवर उभे असतात. त्यानंतर झाडझुडूप काढून वरची १५ ते ३० सेंटीमीटर माती खरवडून बाजूला ठेवतात. ती मुळं-पाल्याची माती. भरावात गेली तर आत कुजते आणि पोकळी राहते. बागेसाठी मात्र तीच उत्तम.

मग ठरतं ते प्लॉटचं अंतिम लेव्हल. उंच भाग कापायचा आणि तोच माल खोलगट भागात भरायचा. कापलेलं आणि भरलेलं जितकं जुळेल तितका खर्च कमी, कारण या कामात सगळ्यात जास्त डिझेल जळतं ते मालाच्या वाहतुकीत.

माती फुगते, माती आक्रसते

इथेच पहिली गंमत आहे. जमिनीत घट्ट बसलेली १०० घनमीटर साधी माती खणून काढली की मोकळी होऊन साधारण १२५ घनमीटर होते. तीच भरावात पसरून रोलरने दाबली की ९०च्या आसपास उरते. खडकाचं वेगळं. तो फोडल्यावर दीडपटीच्या घरात जातो आणि कितीही दाबला तरी मूळ आकारात परत येत नाही.

एक गणित करून बघू. २ हेक्टरचा प्लॉट सरासरी दीड मीटर उचलायचा आहे. दाबलेला भराव झाला ३०,००० घनमीटर. पाच ब्रासचा डंपर म्हणजे सुमारे १४ घनमीटर. सरळ भागाकार केला तर २,१५० खेपा पुरतील असं वाटतं. पण ३०,००० दाबलेल्यासाठी जमिनीतून ३३,३०० घनमीटर काढावी लागेल, आणि डंपरमध्ये ती ४१,६०० होऊन बसेल. म्हणजे खेपा जवळजवळ ३,०००! वरच्या आठशे खेपांचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नसेल, तर तो पुढे कुठूनतरी वसूल होणार. बहुतेक वेळा थर जाड करून. म्हणूनच 'गाडीवर मोजायचं की भरावात मोजायचं' हे करारात आधीच लिहिलेलं असावं लागतं.

भाकरीचं पीठ आणि प्रॉक्टर साहेब

भराव म्हणजे डंपर उलटे करून ढीग सपाट करणं नव्हे. माल २०-२५ सेंटीमीटरच्या थरात पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, तपासायचं आणि मगच पुढचा थर. रोलर कितीही वजनदार असला तरी त्याचा जोर फार खोल पोचत नाही. एकदम मीटरभर टाकलं तर वरून कडक आणि आतून भुसभुशीत राहतं.

आणि पाणी किती? ज्यांनी आईला भाकरी थापताना पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. पाणी कमी पडलं की भाकरी चिरते, जास्त झालं की पीठ परातीला चिकटतं. मातीचं तसंच आहे. कोरडी असली की कण एकमेकांवर घासतात आणि सरकत नाहीत. थोडं पाणी वंगणाचं काम करतं. जास्त झालं की रिकाम्या जागा पाण्याने भरतात, रोलरचा दाब पाणीच झेलतं आणि जमीन गादीसारखी हलायला लागते. या दोहोंच्या मधलं नेमकं प्रमाण शोधायची पद्धत लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागातले इंजिनिअर आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ साली मातीच्या धरणांच्या कामातून मांडली. आपल्या लॅबमध्ये १००० घनसेंटीमीटरच्या साच्यात तीन थर, प्रत्येकी २५ ठोके, २.६ किलोचा हातोडा ३१० मिलीमीटरवरून, हे करून हात दुखवून घेतलेत ना, तेच हे! लॅबमधली सर्वोत्तम घनता हे शंभर टक्के धरायचं आणि साइटवर त्याच्या किती टक्के मिळाली ते बघायचं.

आमच्या साइटवर ९५ टक्क्यांची अट होती. एका संध्याकाळी तिसऱ्या थराचा निकाल आला ९१. टँकर दुपारी उशिरा आला होता आणि मे महिन्याच्या उन्हात मुरूम सुकून गेला होता. आभाळ भरून आलेलं. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, ९५ लिहून टाका. वर अजून पाच थर येणार आहेत, कोण उकरून बघतंय?" आमच्या साइट इंजिनिअर साहेबांनी आवाज न चढवता थर नांगरून काढायला लावला. पाणी, उलथापालथ, पुन्हा रोलर. दुसऱ्या दिवशी सकाळी ९६ आलं. रजिस्टरमध्ये त्यांनी मला दोन्ही आकडे लिहायला सांगितले. ९१ नापास, ९६ पास. मी विचारलं, नापास कशाला ठेवायचं? ते म्हणाले, "ज्या रजिस्टरमध्ये एकही नापास नाही, त्यावर माझा विश्वास नाही."

भराव खरंच पुन्हा कोणी बघत नाही. त्यावर काँक्रीट येतं, फरशी येते. दोन-तीन पावसाळ्यांनी फरशी खचते, दारं अडकायला लागतात, आणि तेव्हा सगळे फरशीवाल्याला शिव्या देतात. भरावात काळी माती गेली असेल तर विचारूच नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं बांधकाम दर वर्षी हलवते.

उलव्याची टेकडी

याच गोष्टी प्रचंड आकारात बघायच्या तर नवी मुंबईचा विमानतळ. सुमारे ११६० हेक्टर जागा. त्यात एका बाजूला नव्वदेक मीटर उंचीची उलव्याची टेकडी, तर दुसरीकडे भरतीचं पाणी येणारी दलदल आणि मधून वाहणारी उलवे नदी. सिडकोने टेकडी सुरुंग लावून कापली, तिचा दगड सखल भागात भरला आणि नदीचा प्रवाह वळवला. कापणं-भरणं जुळवण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या जवळपास नाही. भूमिपूजन झालं १८ फेब्रुवारी २०१८ रोजी आणि पहिली प्रवासी विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ रोजी. मधली बरीच वर्षं या जमिनीवर गेली.

पण या हिशेबात घनमीटरात न मावणाऱ्या बाबीही होत्या. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर यांसारखी दहा गावठाणं उठवावी लागली. शिवाय जमीन उचलली की पावसाचं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या खोलगट जागेकडे जातं. भराव झाल्यापासून गावात पाणी शिरतं, अशी तक्रार शेजारच्या डुंगी गावातल्या लोकांनी केली आणि पुनर्वसन मागितलं. आपल्या प्लॉटचं लेव्हल ठरवताना शेजाऱ्याचं लेव्हलही नकाशावर हवं, हे मला यातून पटलं.

दीड मीटरचा नियम

शेवटचा मुद्दा जिवाचा. आमच्या साइटवर पाइपसाठी अडीच मीटर खोल चर खणला होता. काढलेली माती अगदी काठावर रचलेली, आणि दुपारी मजूर सावली मिळते म्हणून चरातच डबा खायला बसायचे. साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना वर बोलावलं आणि मुकादमाला ढीग हलवायला लावला. आयएस ३७६४ सांगतं की दीड मीटर किंवा त्याहून खोल चराला आधार द्या किंवा बाजू उताराच्या करा. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तितकी लांब ठेवा.

का? एक घनमीटर माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. दोन मारुती ८०० पेक्षा जास्त! छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो, कारण श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. उन्हाळ्यात कडक झालेली माती सरळ उभी राहते म्हणून सगळे निर्धास्त असतात. पहिला पाऊस भेगांत शिरतो आणि तीच भिंत काही न सांगता खाली येते.

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन. ट्रेनिंगला जाल तेव्हा मशीनचे फोटो जरूर काढा, पण तीन गोष्टी विचारा. मूळ लेव्हलचं रजिस्टर कुठे आहे? शेवटचा नापास झालेला थर कोणता? आणि चरात माणसं उतरण्याआधी आज तो कोणी तपासला? उत्तरं पटकन मिळाली तर साइट चांगली आहे. तिथे मन लावून शिका.