पतंगाच्या आधीचा ‘बग’

संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ का म्हणतात, याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातला ‘मार्क टू’ संगणक बिघडला. तंत्रज्ञांनी आत पाहिले, तर एका रिलेमध्ये पतंग अडकलेला. तो काढून त्यांनी नोंदवहीत चिकटवला. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी पुढे हा किस्सा अनेकदा सांगितला आणि शब्दाचा जन्म तिथेच झाला, असा समज पसरला.

घटना खरी आहे. पतंगासकट ते पान अमेरिकेतल्या स्मिथ्सोनियन संस्थेने जपले आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा. बग प्रत्यक्षात सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशी नोंद त्या पानावर आहे. यंत्रातल्या दोषाला आधीपासून बग म्हणत असल्याशिवाय असे कोण लिहील? थॉमस एडिसनने तर १८७८ सालच्या एका पत्रात नव्या शोधातल्या बारीकसारीक दोषांसाठी हाच शब्द वापरला होता.

जुन्या इंग्रजी वापरात बग म्हणजे बागुलबुवा. १५३५च्या कव्हरडेल बायबलात तो रात्रीच्या भयासाठी आला, म्हणून ती आवृत्ती ‘बग बायबल’ म्हणून ओळखली जाते. किड्याचा अर्थ सतराव्या शतकात रुळला. कीटकशास्त्रात खरे ‘बग’ म्हणजे सोंडेने रस शोषणारा हेमिप्टेरा गण: ढेकूण, मावा, तुडतुडे. पतंग लेपिडोप्टेरा गणातला. म्हणजे मार्क टूमधला तो जीव शास्त्रीय अर्थाने बग नव्हताच!

बोलण्यात हा शब्द आणखी पसरला. लपवलेला मायक्रोफोन म्हणजे बग, पोट बिघडवणारा जंतू ‘स्टमक बग’, प्रवासाचे वेड लागले की ‘ट्रॅव्हल बग’ चावला. या अर्थांत बग लहान असतो, नजरेआड असतो आणि बाहेरून येतो.

प्रोग्रॅममधला बग मात्र बाहेरून येत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाले. कारण त्याच्या प्रोग्रॅममध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. आधीच्या एरियान-४ रॉकेटसाठी लिहिलेला कोड माणसांनीच पुरेसा न तपासता पुन्हा वापरला होता. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी तर त्याआधीच, १९८८ मध्ये बजावले होते, की बगला बग म्हणू नका, चूक म्हणा. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर घ्यावे. चूक आपली मानली, तरच ती टाळण्याची जबाबदारीही आपली होते.