शिमग्याची रजा

कोकणात शिमगा एका दिवसाचा कधीच नव्हता. फाल्गुन शुद्ध पंचमीला पहिली होळी पेटते, पौर्णिमेच्या सुमारास मोठा होम होतो आणि ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून घरोघर फिरते. रुपे म्हणजे देवांचे मुखवटे लावून सजलेली पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, येते, ढोल-ताशांवर नाचवली जाते. माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, गाऱ्हाणी घातली जातात, नवस फेडले जातात. रात्री नमन-खेळे रंगतात. गुहागर-चिपळूणकडे संकासुराचे सोंग दारात येते. प्रत्येक गावाचे दिवस वेगळे, मानाचा क्रम वेगळा.

एवढे दिवस मोकळे मिळायचे ते शेतीमुळे. भात कार्तिकापर्यंत घरात आलेले असे, त्यामागून पेरलेले कुळीथ-वालही फाल्गुनापर्यंत बहुतेक निघत. राब भाजणे, घर शाकारणे ही पावसाआधीची कामे अजून पुढे असत. या मधल्या काळात अख्खे गाव एकदम थांबे. मला यातले मोल इथेच वाटते: शेजारीही थांबलेला असल्याने मागे पडण्याची धास्ती कुणाला नसे. अर्थात पुरण शिजवणाऱ्या बायकांच्या वाट्याला हा विसावा कमीच येई, हेही सांगायला हवे.

पुढे याच गावांतले हजारो तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. गिरणीच्या भोंग्याला फाल्गुन-चैत्र माहीत नव्हता. आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला कामगारांची सभा घेतली. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सूर्यास्ताला काम बंद, अशा मागण्यांच्या अर्जावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांचा मेळावा भरला आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण जो रविवार गृहीत धरतो, तो असा झगडून मिळालेला आहे.

रविवार अंग टेकायला पुरतो, गावी जाऊन पालखी खांद्यावर घ्यायला नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा दिली. तरीही चाकरमानी आज शिमग्याला जेमतेम एक-दोन दिवस येतो. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, प्रवास सोपा झाला. मुक्काम मात्र आखडला. मार्चमध्ये शाळांच्या परीक्षा आणि कंपन्यांची वर्षअखेर एकदमच येते. मग वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर पालखी आपल्या घरी नेमकी कधी येणार याची चौकशी होते, तेवढ्या वेळेपुरते येणे होते आणि रात्रीच परतीची गाडी धरली जाते. गावातही आता याच दिवसांत आंबा-काजूची घाई असते.

न थांबण्याची किंमत शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्के अधिक आढळला. अशा दीर्घ कामाशी संबंधित मृत्यू 2016 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार होते. दिवसभर राबून रात्री फोनवर कामाचे निरोप पाहणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे मनावर घ्यावेत.

दिवाळी सरली की नव्या वर्षाच्या दिनदर्शिका घरात येतात. त्यात फाल्गुन पौर्णिमा आधी पाहा, गावच्या मानकऱ्यांना पालखीच्या तारखा विचारा आणि निदान चार दिवसांच्या रजेचा अर्ज तेव्हाच देऊन टाका. आणि तुमच्या हाताखाली माणसे काम करत असतील, तर त्यांच्या अर्जांवर विनाविलंब सही करा.