बालाघाटच्या चढावर पिकअपचा टर्बो

धाराशिव जिल्ह्यात शेतापासून बाजारापर्यंतची बरीचशी मालवाहतूक डिझेल पिकअपवर चालते. भूमचा खवा, तुळजापूर भागातली द्राक्षे, कळंब-वाशीकडचे सोयाबीन, आठवडी बाजाराला निघालेल्या उस्मानाबादी शेळ्या, हा सगळा माल बोलेरो पिकअप, टाटा योद्धा किंवा अशोक लेलँड दोस्त यांच्या हौद्यातून जातो. बोलेरो पिकअपचे एमटूडीआयसीआर इंजिन अडीच लिटरचे आहे, योद्धाचे २.२ लिटरचे, तर दोस्तचे तीन सिलिंडरचे दीड लिटरचे. एवढ्या लहान इंजिनाने दीड टन माल घेऊन बालाघाटची चढण चढावी, हे टर्बोचार्जरमुळे शक्य होते. टर्बो थकला की तीच गाडी तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे काळा धूर सोडत राहते.

अशा वेळी सगळा दोष टर्बोवर टाकून तो बदलला जातो. पण टर्बो सहसा आपल्या दोषाने मरत नाही. त्याला मिळणारे तेल, त्यात शिरणारी हवा आणि त्यातून बाहेर पडणारा धूर यांपैकी कशात तरी बिघाड असतो. तो दूर न करता बसवलेला नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो. दुरुस्ती असो वा ताकदवाढ, सुरुवात हवा आणि तेलापासूनच करावी लागते.

टर्बो काय करतो

डिझेल जळायला हवा लागते. १ किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी साधारण साडेचौदा किलो हवा हवी. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त द्यावी लागते, नाहीतर धूर काळा होतो. अडीच लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर ते मिनिटाला फार तर ३,७५० लिटर हवा ओढते. तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद हवी असेल, तर हवा दाबून भरणे हा उपाय आहे.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात बरीच ऊर्जा वाया जात असते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचा उपयोग करण्याची कल्पना मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. टर्बोच्या एका बाजूला टर्बाइनचे चाक असते आणि धुराच्या झोताने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक असते. ते एअर फिल्टरमधून आलेली हवा ओढून इंजिनाकडे दाबते. वातावरणाच्या दाबावर आणखी १ बार दाब मिळाला, तर सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा बसते, आणि त्या प्रमाणात जास्त डिझेल नीट जळू शकते.

दाबलेली हवा तापते. तिचे तापमान १०० अंशांच्या वर जाते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून ती इंटरकूलरमधून गार करून इंजिनात सोडली जाते. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून टर्बाइनच्या बाजूला वेस्टगेट नावाची झडप असते. ठरलेल्या दाबावर अ‍ॅक्च्युएटर काडी ढकलून ती उघडतो आणि जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. काही गाड्यांत वेस्टगेटऐवजी टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या असतात. त्यांचा कोन बदलून कमी फेऱ्यांवरही चांगला दाब मिळवला जातो. अशा टर्बोला व्हीजीटी म्हणतात.

या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग मधला दांडा आहे. लहान टर्बोत तो मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेऱ्या घेतो. एका टोकाला कित्येकशे अंश तापलेला धूर असतो, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. हा दांडा बॉल बेअरिंगवर नव्हे, तर बहुधा तरंगत्या बुशांवर फिरतो. बुश आणि दांडा यांच्यामध्ये इंजिन ऑइलचा पातळ थर असतो. त्या थरामुळे धातू धातूला लागत नाही आणि उष्णताही वाहून नेली जाते. तेल काही सेकंद जरी मिळाले नाही, तरी बुश खरवडला जातो.

इथल्या हवामानाचा ताण

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की हवा आणखी विरळ होते आणि इंटरकूलरलाही ती पुरेशी गार करता येत नाही. तोच दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते.

धुळीचा त्रास याहून मोठा. मळणीच्या दिवसांत पिकअप शेतरस्त्यावर दिवसभर फिरते, आणि अडीच लिटरचे इंजिन तासाला दोनशे घनमीटरांहून जास्त हवा ओढू शकते. फिल्टर फाटलेला असेल, त्याची कड नीट बसलेली नसेल किंवा फिल्टरनंतरची क्लिप सैल असेल, तर मातीचे कण थेट कॉम्प्रेसरच्या चाकावर आदळतात. पात्यांच्या कडा झिजून बोथट होतात. तीच माती पुढे सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. फिल्टरवर जोराची हवा मारून तोच वारंवार वापरला, की कागदाला बारीक भोके पडतात आणि नंतर तो फिल्टर नावापुरताच उरतो.

तिसरा ताण चढ आणि भाराचा. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना, किंवा बार्शीकडून येडशीच्या रामलिंग घाटातून वर येताना, भरलेल्या गाडीचा टर्बो सलग पूर्ण दाबावर चालतो. घाट चढून चहाच्या हॉटेलासमोर लगेच चावी बंद केली, तर तेलाचा पंप थांबतो आणि टर्बोच्या तापलेल्या घरात (हाउसिंगमध्ये) अडकलेले तेल जळून कोळसा होते. तो कोळसा तेलाच्या बारीक वाटा बुजवतो. म्हणून चढानंतर एक-दोन मिनिटे इंजिन आयडलवर ठेवून मगच बंद करावे. सकाळी गाडी सुरू केल्यावर लगेच रेस न मारण्याचे कारणही तेलाशीच जोडलेले आहे: ते वरपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो.

लक्षणे

गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर मारते, ऑइल खाते, टर्बो शिट्टी मारतो, या तक्रारी गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात. प्रत्येक तक्रार तपासाची वेगळी दिशा दाखवते.

काळा धूर आणि दम नसणे म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. कारण फाटलेला होज पाइप असू शकते, चोंदलेला फिल्टर, गळका इंटरकूलर, उघडाच राहिलेला वेस्टगेट किंवा कार्बनने अडकलेल्या व्हीजीटीच्या पात्याही असू शकतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ते टर्बोच्या सीलमधून येत असेल किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगांतून. जोर लावल्यावर फुस्स असा आवाज आला, तर बहुधा दाबाची हवा गळत असते. सायरनसारखा चढता आवाज मात्र पाती घराला घासत असल्याची किंवा दांड्याचा तोल गेल्याची खूण आहे. अशी गाडी पुढे चालवू नये.

नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक दाब मोजतो आणि मेळ बसला नाही तर चेक लाइट लावून ताकद कमी करतो. स्कॅनरवर पी०२९९ दिसला तर दाब कमी पडतो आहे आणि पी०२३४ दिसला तर दाब वाजवीपेक्षा जास्त आहे. हा क्रमांक लक्षण सांगतो, बिघडलेला भाग नव्हे. पी०२९९ दिसल्याबरोबर टर्बो बदलणे म्हणजे पाच मिनिटांत बसणाऱ्या क्लिपसाठी हजारो रुपये घालवणे ठरू शकते.

तपासाचा क्रम

आधी स्वस्त आणि सोपे भाग तपासावेत. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत सगळे होज हाताने दाबून, वाकवून पाहावेत. चीर बहुधा क्लिपच्या कडेला किंवा खालच्या बाजूला असते आणि तिच्याभोवती तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसते. होजमध्ये थोडे तेल असणे हा दोष नाही, इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतला वारा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेवढे येतेच. पण तळाशी तेल साचले असेल तर शोध घ्यावा.

मग कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा पाइप काढावा. इंजिन बंद आणि गार असताना चाकाच्या मधला नट अंगठा आणि तर्जनीत धरावा. चाक अलगद फिरले पाहिजे. आडवे हलवल्यावर थोडा प्ले जाणवतोच, कारण तेल नसताना तरंगत्या बुशात तेवढी जागा असते. पण पात्या घराच्या भिंतीला टेकत असतील, भिंतीवर चमकणारा गोल ओरखडा दिसत असेल, तर बुश गेला. दांडा पुढे-मागे ओढल्यावर मात्र प्ले जवळजवळ नसावा. इथे हलल्याचे स्पष्ट जाणवले तर थ्रस्ट बेअरिंग संपलेले असते. पात्यांच्या कडाही पाहाव्यात. कडा बोथट असतील तर धूळ आत गेली. पाती वाकली किंवा तुटली असेल, तर एखादा नट, बोल्ट किंवा फिल्टरच्या जाळीचा तुकडा आत गेला आहे.

वेस्टगेटची काडी हातपंपाने तपासता येते. अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा, दाबावर चालणारा असेल तर हवेचा दाब. काडी सरळ सरकून परत आली पाहिजे. अडखळली तर सांधा जाम आहे, पंपाची सुई पडू लागली तर पडदा फाटलेला आहे.

तेल फेकणाऱ्या टर्बोचा तपास वेगळ्या बाजूने करावा लागतो. टर्बोतून तेल केवळ स्वतःच्या वजनाने खालच्या पाइपाने इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरते. तो पाइप वाकला, गाळाने भरला किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, तर तेल मागे तुंबून सीलमधून बाहेर येते. टर्बो पूर्ण धड असतानाही हे घडते. म्हणून आधी ब्रीदर पाहावा, इंजिन चालू असताना ऑइल फिलरचे झाकण हळूच सैल करून किती वारा येतो ते पाहावे. रिंगा गेलेल्या इंजिनावर नवा टर्बो बसवूनही तेल यायचे थांबत नाही.

सील पूर्ण गेली तर एक मोठा धोका असतो. तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन त्यावरच चालू लागते. चावी बंद केली तरी फेऱ्या वाढत जातात. अशा वेळी ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. हवेचे तोंड बंद करायचे झाल्यास पक्की फळी वापरावी, हात किंवा सैल कापड कधीच लावू नये.

बदलताना

टर्बो खरोखर गेलाच असेल, तर पूर्ण नवा घ्यावा किंवा मधला कोअर बदलावा. नुसते बुश आणि सील बदलून कोअर पुन्हा जोडला, तर त्याचे बॅलन्सिंग करणे अटळ आहे. एवढ्या वेगावर किंचितसा असमतोलही बुश खाऊन टाकतो. हे काम खास यंत्रावरच होते, आणि अशी यंत्रे मोठ्या शहरांतल्या टर्बो दुरुस्ती केंद्रांत असतात. कोअर बसवणाऱ्याकडे बॅलन्सिंगचा कागद मागणे हा मालकाचा हक्क आहे.

बसवण्याआधी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. तेल आणणारा पाइप नुसता फुंकून चालत नाही. आत कोळसा असेल तर तो नवाच घालावा. बोल्टमध्ये जाळी असेल तर तीही पाहावी. तेलाच्या जोडांवर सिलिकॉन लावू नये, कारण त्याचा सुटलेला गोळा तेलाची वाट अडवतो. जुन्या टर्बोच्या पात्या तुटल्या असतील तर इंटरकूलर आणि पाइप धुऊन काढावेत, नाहीतर राहिलेला तुकडा इंजिनात जातो. टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवावे. इंजिन सुरू होऊ न देता सेल्फ मारून तेलाचा दाब चढवावा आणि मग काही मिनिटे आयडलवर ठेवावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या अनेक गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो चोंदला की टर्बाइनच्या मागे दाब आणि उष्णता वाढते. अशा गाडीत कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घालावे.

ताकद वाढवणे

जास्त दाबासाठी अ‍ॅक्च्युएटरची काडी आवळली जाते किंवा संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून डिझेल वाढवले जाते. काडी आवळल्यावर टर्बो ठरल्यापेक्षा वेगाने फिरतो आणि संगणक जादा दाब ओळखून ताकदच कापतो. डिझेल वाढले पण हवा वाढली नाही, तर धूर आणि धुराचे तापमान चढते. त्याची झळ पिस्टन, हेड गॅस्केट, टर्बाइन आणि क्लच यांना बसते. मोठा टर्बो बसवल्यास वरच्या फेऱ्यांवर दाब मिळतो, पण खालच्या फेऱ्यांवर तो उशिरा जागा होतो. भरलेली पिकअप घाटात नेमकी खालच्याच फेऱ्यांवर चालते, म्हणून मोठा टर्बो तिथे तोट्याचा ठरतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अशा बदलाची अडचण होते.

पिकअपसाठी खरी सुधारणा साधी आहे: अस्सल फिल्टर वेळेवर बदलणे, योग्य ऑइल, न गळणारे होज, बाहेरून आणि आतून साफ केलेला इंटरकूलर, मोकळा हलणारा वेस्टगेट आणि पासिंगइतकाच माल. इतके केल्यावर गाडी मूळ ताकद परत देते. तरीही काम भागत नसेल तर ती गाडी त्या कामाला लहान आहे आणि मोठी गाडी घेणे हाच उपाय उरतो. हप्ता भरून पिकअप चालवणाऱ्याचे सबंध हंगामाचे उत्पन्न तिच्या चालण्यावर अवलंबून असते. त्याच्या दृष्टीने दर ऑइल बदलाच्या वेळी फिल्टर, होज आणि ब्रीदर पाहून घेणे हा टर्बोचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.